काविळीची माळ

"आता ह्यो तिसरा तांब्या. एवढा रस प्यायचा कुणी? दारात गुऱ्हाळच काढावं आता."

आत्ती स्वयंपाकघरात एकटीच पुटपुटत होती. माझी खाट मधल्या खोलीत, भिंतीला लागून, आणि भिंत अशी की पलीकडं कुणी मेथी निवडली तरी ऐकू यावं. आत्ती म्हणजे माझी सासू. तासगावकडं आम्ही सासूला आत्तीच म्हणतो. शेजारच्या सुलभाकाकू आत्ताच दारात तांब्या ठेवून गेल्या होत्या. उसाचा ताजा रस, चौकातल्या गाड्यावरचा, आलं-लिंबू घालून. काविळीला चांगला म्हणून.

मला कावीळ नव्हती. डाव्या छातीत गाठ निघाली होती, ती मिरजेच्या हॉस्पिटलात कापून काढली होती, आणि आता दर तीन आठवड्यांनी तिथं जाऊन सलाईनमधून औषध घ्यायचं होतं. असं सहा वेळा. तीनदा झालं होतं. पण आत्तीनं पहिल्याच दिवशी गल्लीला कावीळ सांगितली, आणि मग ती मागं कशी घ्यायची हे तिलाही कळेना. गल्लीला खरं कळलं नव्हतं असं नाही. काविळीनं कुणाचे केस जात नाहीत एवढी अक्कल गल्लीला होती. पण सुलभाकाकू कावीळ म्हणायच्या, दूधवाला कावीळ म्हणायचा, आणि भेटायला येणारी प्रत्येक बाई माझ्या रुमालाकडं न बघता माझे डोळे निरखून "पिवळेपणा कमी झालाय की" असं सांगून जायची. त्या फेब्रुवारीत आमच्या घरी आला तेवढा रस जत्रेतही खपला नसेल.

घरातसुद्धा आम्ही नाव घेत नव्हतो. आत्ती 'त्ये' म्हणायची. त्येचं औषध, त्येची फाईल. माझे मालक, विलास, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर मुकादम होते. ते तर नुसतं 'मिरज' म्हणायचे. "गुरुवारी मिरज हाय." ऐकणाऱ्याला वाटावं, सतारीच्या तारा बदलून आणायच्यात.

काविळीवर खरोखर विश्वास ठेवणारं माणूस अख्ख्या गल्लीत एकच होतं. माझी तनुजा. वय दहा, पाचवी ब.

त्या तिसऱ्या तांब्याच्या दिवशी ती शाळेतनं पळतच आली. दप्तर पाठीवर तसंच. रिकामा तांब्या न्यायला सुलभाकाकू आल्या होत्या आणि आत्ती त्यांना माझ्या काविळीची नवी हकिकत सांगत होती. तनूनं दोघींच्या मधे उभं राहून जाहीर केलं की तिच्या वर्गातल्या पल्लवीच्या भावाला कावीळ झाली होती आणि ती माळेनं उतरली. पलीकडच्या वाडीत एक आजोबा रविवारी सकाळी माळ देतात. कसल्याशा मुळीचे बारीक तुकडे दोऱ्यात बांधलेले असतात. पहिल्या दिवशी ती माळ टिकलीएवढी, कशीबशी डोक्यावर बसते. मग कावीळ उतरेल तशी माळ लांबत जाते, गळ्यात येते, कमरेपर्यंत येते, आणि पायातनं निघाली की माणूस बरं.

"आज्जी, आपण का आणली नाही?" तनूनं विचारलं.

सुलभाकाकूंनी पदर तोंडाशी नेला. मी आत खाटेवर बसून वाट बघत होते, की आता तरी आत्ती काहीतरी बोलेल. आत्ती म्हणाली, "आणू की. रविवार तर येऊ दे."

मीही काही बोलले नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं मी सगळा दोष आत्तीला देत राहिले.

रविवारी आजी-नात पहाटेच्या एसटीनं गेल्या आणि नऊ वाजता माळ घेऊन आल्या. तनूनं माझा रुमाल काढला. माझं डोकं तिनं तोवर पुरतं बघितलं नव्हतं. मी आंघोळीच्या वेळी कडी लावायचे. तिनं रुमालाची घडी घातली. मग, औषधाच्या उष्णतेनं केस जातात असं तिला सांगून ठेवलेलं होतं ते तिला आठवलं असावं, ती म्हणाली, "बरं झालं. केस असले तर अडकली असती."

माळेबरोबर पथ्य आलं. तेल नाही, हळद नाही, अंडं-मटण नाही. पिवळं काही दिसायलासुद्धा नको. रस मात्र हवा तितका. आणि हे पथ्य पाळलं जातंय की नाही ते बघायला तनू शाळेत जाताना चुलीजवळच्या डब्यांवर नजर फिरवून जायची आणि आल्यावर माझ्या ताटाचा वास घ्यायची. मिरजेच्या डॉक्टरांनी मला रोज दोन अंडी सांगितली होती. आत्ती ती उकडून पदराखाली लपवून आणायची. दोन दिवस जमलं. तिसऱ्या दिवशी तनूला उकिरड्यावर टरफलं सापडली. ती ओरडली नाही, रडली नाही. फक्त माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "आई, तुला बरं व्हायचं नाही काय?"

त्यावर काय सांगायचं? अंडं का खायचं ते सांगायचं तर रक्ताचं सांगावं लागणार, रक्ताचं सांगायचं तर औषधाचं, आणि औषधाचं सांगायचं तर त्येचं. मी अंडी बंद केली. मीठ-भात, मुगाचं पाणी आणि चौकातला रस. तनूही माझ्याबरोबर तसंच जेवायला लागली. मी एकटीनं बेचव खायचं तिला बरं वाटेना. दहा वर्षांची पोर, बिनतेलाची भाजी चावत माझ्याकडं बघून हसायची.

माळ मात्र लांबत होती. मुळ्या वाळल्या की दोऱ्याच्या गाठी सैल होतात, माळ कुणाच्याही डोक्यावर लांबणार, हे आत्तीला माहीत होतं आणि मलाही. तनू रोज सकाळी वितीनं मापायची. बुधवारी माळ कानांखाली उतरली तेव्हा तिनं सुलभाकाकूंना हाक मारून दाखवली. काकू म्हणाल्या, "अगं बाई, उतरली की." आणि डोळे पुसत घरी गेल्या.

त्याच रात्रीपासून माझं पोट बिघडलं.

गुरुवारी मिरज. मालकांना सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून आत्ती सोबत आली. सलाईनच्या वॉर्डात आठ खाटा होत्या, मधे हिरवे पडदे. तिथल्या सिस्टर एस्तेरबाई. पन्नाशीच्या, अंगानं भरलेल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. चालताना चपलांचा असा आवाज करायच्या की पेशंट अर्धे त्यानंच जागे व्हायचे. सकाळी रक्त तपासायला दिलं. अकरा वाजता त्या कागद घेऊन आल्या, पडदा ओढला आणि माझ्या खाटेच्या कडेवर बसल्या. नर्स उभी राहून बोलली तर काही नसतं. बसली की असतं, एवढं मी तीन वेळांत शिकले होते.

"आज औषध नाही, हेमलता. पांढऱ्या पेशी फार खाली आल्यात. डॉक्टर पुढच्या गुरुवारी म्हणतात. काय खाता तुम्ही?"

मी सांगितलं. रसापर्यंत आले तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

"गाड्यावरचा रस? बर्फ घातलेला? तुम्हाला मागच्या वेळी कच्चं काही नको म्हणून सांगितलं होतं ना? तुमच्या अंगात आत्ता साध्या जुलाबाशी लढायला माणूस नाही. हे कुणाचं डोकं?"

मी रुमाल सोडून दाखवला. त्यांनी माळ बघितली. मला वाटलं, आता हसतील नाहीतर झापतील. त्यांनी बोटानं एक तुकडा चाचपला आणि विचारलं, "कोणी घातली?"

"मुलीनं."

"तिला काय सांगितलंय?"

"कावीळ."

पडद्यापलीकडं आत्ती स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिचा खोकला ऐकू आला. एस्तेरबाईंनी मला रुमाल परत बांधून दिला, लहान मुलीची वेणी घालावी तसा, हलक्या हातानं.

"माळ राहू दे. ती काही करत नाही. रस बंद, अंडी सुरू. आणि अंडी सुरू करायची तर पोरीला सांगावं लागेल. दुसरा रस्ता दिसत नाही मला."

मी म्हटलं, ती लहान आहे. त्या म्हणाल्या, लहान आहे म्हणूनच तिला वाटतंय की तुम्हाला तीच बरं करतेय, आणि उद्या माळ पायातनं निघाल्यावरही तुम्ही ओकताना दिसलात की तिला काय वाटेल त्याचा विचार करा. मी म्हटलं, मला सांगता येत नाही. कसं सांगतात तेच माहीत नाही. आमच्यात कुणी कुणाला असलं सांगितलेलं नाही.

त्यांनी घड्याळ बघितलं. जेवायची वेळ होती त्यांची. डबा टेबलावर तसाच होता.

"मला सांगून बघा," त्या म्हणाल्या. "मी तुमची तनू. बसले इथं."

आणि त्या खरंच मांडी घालून खाटेवर बसल्या, हाताची घडी घालून, चष्म्यावरून माझ्याकडं बघत. एवढी मोठी बाई पाचवी ब मधली होऊन बसलेली बघून मला हसू आलं. फार दिवसांनी आलं.

"आई," त्या बारीक आवाजात म्हणाल्या, "तू टकली का झालीस गं?"

"औषधानं."

"कसलं औषध?"

"गाठीचं."

"कसली गाठ?"

मी पडद्याकडं बघितलं. मग चादरीकडं. मग त्यांच्या कानाजवळ तोंड नेऊन तो शब्द म्हटला, इतक्या हळू की मलाच नीट ऐकू आला नाही.

"बघा, आला की तोंडातनं," त्या आपल्या आवाजात म्हणाल्या. "नाव सांगा, कारण ते बाहेरून कळायच्या आधी घरातनं कळलेलं बरं. तिच्यामुळं झालं नाही हे सांगा. तिनं विचारलं नाही तरी सांगा, पोरांच्या मनात तेच असतं. शिवल्यानं होत नाही, तिला कुशीत घ्या. आणि तुम्ही झोपून असाल तेव्हा तिचा डबा कोण करणार, वेणी कोण घालणार, तेवढं सांगा. रडू आलं तर रडा, त्यात काही नाही. पुन्हा एकदा. आई, माझ्यामुळं झालं काय?"

"नाही गं."

"आज्जीमुळं?"

पलीकडं स्टूल करकरलं. "नाही," मी म्हटलं.

"मग आई," त्या म्हणाल्या, आणि आवाज पुन्हा बारीक केला, "तू मरणार काय?"

एस्तेरबाईंनी माझा हात धरला. तेवढ्यात चार नंबरच्या बाईचं सलाईन संपलं आणि तिची मुलगी ओरडायला लागली. त्या उठून गेल्या. परत आल्या तेव्हा डबा घेऊनच आल्या आणि त्यातली अर्धी भाकरी मला दिली, अंड्याच्या पोळीबरोबर. म्हणाल्या, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडंही नसतं. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणायचं, खोटं 'नाही' म्हणायचं नाही. हवं तर पुढच्या गुरुवारी तनूला घेऊन या, मी तिला वॉर्ड दाखवीन, सलाईन कसं चालतं ते दाखवीन. मी मान हलवली. भाकरी खाताना मला वाटत होतं की येईल सांगता. उद्याच सांगू. सकाळी, माळ मापायच्या आधी.

परतीच्या एसटीत, एरवी तासगाव येईपर्यंत कंडक्टरपासून खिडकीच्या काचेपर्यंत सगळ्यांची उणीदुणी काढणारी आत्ती, पिशवी पोटाशी धरून नुसती शेतं बघत होती. मी तिला विचारलं, ऐकलंस ना सगळं? ती म्हणाली, "मला कमी ऐकू येतं आताशा." मेथी निवडलेली ऐकू येणाऱ्या घरात राहून.

संध्याकाळी मालकांना पेशींचं सांगितलं. मी सांगितलं ते एवढंच, की जंतुसंसर्गापासून जपायचं आहे. त्यांनी ऐकलं ते वेगळंच. जेवून हात धुवून आले ते निर्णय घेऊनच. तनू शाळेतनं सर्दी-खोकला घेऊन येते. तिला विट्याला, त्यांच्या बहिणीकडं ठेवायचं. औषधं संपेपर्यंत. हेडमास्तर ओळखीचे आहेत, परीक्षेपुरती आणता येईल.

मी म्हटलं, सिस्टरनी असं काही सांगितलेलं नाही. उलट त्या म्हणाल्या, पोरीला जवळ घ्या, हात धुवायला लावा. ते म्हणाले, "सिस्टरला काय जातंय सांगायला." आणि मग, भिंतीकडं बघत, "तिनं हे सगळं बघायला नको, हेमा." हे सगळं म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. मला कळलं होतं. दोन महिने. औषधं संपायला अजून दोन महिने होते, आणि ते दोन महिने माझ्या हातात होते एवढंच तेव्हा मला खात्रीनं माहीत होतं. त्यापुढचं नव्हतं. तेच मालक मला न विचारता उचलून विट्याला पाठवत होते, आणि माझ्या भल्यासाठी पाठवत होते, म्हणून भांडताही येईना. मी आत्तीकडं बघितलं. ती ताटं गोळा करत होती.

शुक्रवारी सकाळी मी तनूला जवळ बोलावलं. तिनं माळ मापली आणि म्हणाली, "आई, गळ्यात आली." तिचा चेहरा असा काही उजळला होता की मी म्हटलं, "हो गं." आणि ती शाळेत गेली. संध्याकाळी पुन्हा ठरवलं, तर तिच्या पप्पांनी तिला तोवर विट्याचं सांगून टाकलं होतं, आतेभावंडं आहेत, मजा येईल म्हणून. ती माझ्याकडं आली नाही. ओट्यावर बसून राहिली.

शनिवारी सकाळची शाळा. दुपारी दोनला निघायचं ठरलं. मालकांनी मोटरसायकल पुसून दारात उभी केली. आत्ती मधल्या खोलीत, माझ्या खाटेच्या पायथ्याशी, तनूचे कपडे पिशवीत भरत होती. दोन फ्रॉक, शाळेचा गणवेश, स्वेटर. फेब्रुवारीच्या शेवटाला स्वेटर कशाला, मी म्हटलं. ती म्हणाली, किती दिवस राहावं लागंल काय सांगावं. आणि पुन्हा तोच स्वेटर घडी घालायला लागली. घडी काही बसेना.

तनू आली ती उंबऱ्यावरच थांबली. आईजवळ जायचं नाही, तिला खोकला लागेल, असं तिला सांगितलेलं होतं. नवा फ्रॉक, दोन वेण्या, त्या तिनं स्वतःच घातल्या होत्या, एक वर एक खाली. ती बराच वेळ उंबऱ्याचं लाकूड पायाच्या अंगठ्यानं उकरत राहिली.

"आई, मी एकदा वडा खाल्ला."

मला काही कळेना.

"मंगळवारी. पल्लवीच्या डब्यातला. पिवळा होता आतनं. तेलातला. अर्धाच खाल्ला, पण खाल्ला." ती माझ्याकडं बघत नव्हती. "बुधवारी तुझं पोट बिघडलं. मग मिरजेला तुला औषधच दिलं नाही, परत पाठवलं. माळ तर लांबतेय, तरी तू जास्तच आजारी पडलीस. म्हणून मला पाठवताय ना? मी असले की पथ्य मोडतं म्हणून?"

"नाही गं," मी म्हटलं. हे उत्तर पाठ होतं, ते आलं. त्याच्या पुढचं सगळं गुरुवारी खाटेवर इतकं सोपं वाटलं होतं. नाव सांगायचं. जवळ घ्यायचं. डब्याचं, वेणीचं सांगायचं. मी हात पुढं केला. ती उंबऱ्यावरून हलली नाही. मी "तनू, मला" एवढंच म्हटलं. पुन्हा म्हटलं, "तनू, मला." गळ्यात माळ, तोंडात काही नाही. एस्तेरबाई समोर असत्या तर म्हणाल्या असत्या, पुन्हा एकदा. पण त्या मिरजेला होत्या, आणि माझी पोर दारात उभी राहून अर्ध्या वड्याची शिक्षा घ्यायला तयार होती.

"मी आता कधीच नाही खाणार," ती म्हणाली. "मी तिकडंपण पथ्य पाळीन. तू बरी झालीस की मला न्यायला ये."

बाहेर मालकांनी मोटरसायकलला किक मारली. एकदा, दोनदा. मग त्यांनी हाक मारली, उशीर होतोय म्हणून. तनू पिशवी घ्यायला आत वाकली. आत्तीनं पिशवी सोडली नाही.

तनूनं ओढली. आत्तीनं धरून ठेवली. मग दुसऱ्या हातानं तिनं तनूचं मनगट धरलं आणि तिला उंबऱ्याच्या आत, स्वतःजवळ, खाली फरशीवर बसवलं. बाहेरून दुसरी हाक आली. आत्तीनं बाहेर बघितलं नाही, माझ्याकडंही नाही. स्वेटर मांडीवर तसाच होता. ती त्याच्या बाहीला सांगितल्यासारखं बोलली, पण चांगलं मोठ्यानं, सुलभाकाकूंच्या ओट्यापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं.

"तुझ्या वड्यानं काय झालं न्हाई, पोरी. तुझ्या आईला कावीळ न्हाई. ती म्या लावली तिच्या मागं, मला भ्या वाटलं म्हणून. तिला कॅन्सर झालाय."